स्पॅनिश बेक्ड चिकन वरून करपतंय, आतून कच्चं आणि ट्रेमधे पाणी? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

तास झाला तरी ट्रेमधे बोटभर पाणी आणि चिकन त्यात बसलेलं. वरून रंग गडद, कुठे कुठे काळा, पण तंगडीच्या सांध्यात सुरी घातली की लाल रस बाहेर. स्किन असेल तर चिवट, दाताला लागते. खालचे बटाटे कडेने जळलेले आणि मधे कचकच. पाप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) कडवट. ब्रेस्टचा पीस मात्र इतका कोरडा की पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागतो. यातलं एखादंच लक्षण असं क्वचित होतं, बहुतेक वेळा तीन-चार एकदमच येतात आणि म्हणून घरातले सगळे एकमताने ठरवतात की ओव्हनच बिघडलाय.

ओव्हन बिघडतो, पण फार कमी वेळा. आमच्या नात्यात, सोसायटीत, ऑफिसात ज्याने ज्याने नवीन ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे घरगुती छोटा ओव्हन) घेतला त्याच्याकडे हे चिकन सुरुवातीला असंच होतं आणि मग मला बोलावणं येतं, "अरे जरा येऊन बघ ना, वरून जळतंय आणि आतून तसंच." जाऊन बघितलं की बहुतेक ठिकाणी भानगड पाण्याची निघते. आणि तोवर त्या घरात नॉब २०० वरून २३० वर गेलेला असतो. ते करू नका. ट्रेमधे पाणी आहे तोवर पाण्यात बुडलेला भाग १०० डिग्रीच्या वर जातच नाही, तो बेक होत नाही, उकडतोय. चिकनला तो खमंग तपकिरी रंग साधारण १४० च्या पुढे चढतो. म्हणजे नॉब कितीही फिरवला तरी खालचं उकडत राहणार आणि ओव्हनच्या तापणाऱ्या रॉडच्या समोर असलेलं वरचं तेवढं करपणार. (कोणीतरी हमखास म्हणतं की पुणं उंचावर आहे म्हणून असं होतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. त्या दोन डिग्रीने तुमचं चिकन कच्चं राहिलेलं नाहीये.)

मी ज्या पदार्थाबद्दल बोलतोय तो साधा आहे. ट्रेच्या तळाला बटाट्याच्या चकत्या आणि कांदा, न सोललेल्या लसणाच्या पाकळ्या, वर ऑलिव्ह ऑइल, मीठ, पाप्रिका आणि थाइम (एक सुगंधी पाला) चोळलेलं चिकन, बाजूला लिंबाच्या फोडी, एक-दोन बे लीफ आणि थोडी व्हाइट वाइन. स्पेनमधे घरोघरी रविवारच्या दुपारी असं काहीतरी ओव्हनमधे असतं. आपलं तमालपत्र घातलं तर चव जरा दालचिनीकडे झुकते कारण ते झाडच वेगळं, पण त्याने काही बिघडत नाही, फक्त एकच पान घाला.

आता फुकटच्या तपासण्यांपासून सुरू करू.

चिकन कोरडं आहे का?

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट. दुकानदार पिशवीत ओलं चिकन देतो, घरी आपण परत दोन पाण्यांनी धुतो आणि निथळलं न निथळलं तोच मसाला लावतो. ते सगळं पाणी ट्रेमधे उतरतं. त्यात काही जण सवयीने दही लावतात. दही तंदुरीला ठीक, इथे त्याचं काम नाही, ते आणखी पाणी सोडतं. धुण्याबद्दल सांगायचं तर अन्नसुरक्षावाले सांगतात की कच्चं चिकन धूच नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. पण आपल्याकडे न धुता चिकन शिजवा म्हटलं तर आईपासून सगळे उठतील, त्यामुळे धुवायचंच असेल तर नळ बारीक ठेवून धुवा आणि नंतर सिंक, ओटा, सुरी, पाट सगळं साबणाने घासा. आणि मग टिश्यूने पुसा. नुसतं टिपून घेतलं असं नाही, टिश्यू कोरडा निघेपर्यंत, सांध्यांमधलं आणि स्किनच्या खालचंसुद्धा.

वेळ असेल तर आदल्या रात्री किलोला दोन सपाट छोटे चमचे मीठ चोळून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात न झाकता ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांसात परत मुरतं आणि वरचा थर फ्रिजच्या कोरड्या हवेत सुकतो. ही एक गोष्ट केली तरी अर्ध्या लोकांना पुढचं वाचायची गरज पडू नये. खालचाच कप्पा अशासाठी की रस गळला तर भाजी-दुधावर पडायला नको. लिंबू मात्र रात्रभर लावून ठेवू नका, आंबटाने वरचं मांस पिठूळ होतं.

फ्रोझन चिकन असेल तर ते पूर्ण सुटलंय का बघा. बाहेरून मऊ लागतं पण हाडाजवळ बर्फ असतो, आणि हाडाशी कच्चं राहायचं हे मोठं कारण आहे. पिशवीसकट फ्रिजमधे ठेवून सुटू द्या, पीस असतील तर एक रात्र आणि सव्वा किलोची अख्खी कोंबडी असेल तर पूर्ण दिवस धरा. बेक करायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढलं तर चालतं. पण एप्रिल-मेच्या दुपारी "रूम टेंपरेचरला येऊ दे" म्हणून दोन-दोन तास ओट्यावर ठेवायचं नाही, आपल्या रूमचं टेंपरेचर तेव्हा काय असतं ते आपल्याला माहितीये.

पीस कुठले आणि ट्रेमधे किती?

करी कट आणून हे करू नका. बारके तुकडे पाणी सोडून आक्रसतात, मोठे कच्चे राहतात. अख्खे लेग पीस, मांडीसकट, सांगून आणा. आणि स्किन हवी असेल तर आधीच सांगा, कारण आपल्याकडे चिकनवाला पिसं आणि स्किन एकदमच ओढून काढतो, विथ स्किन म्हटलं की त्याला पिसं साफ करत बसावं लागतं आणि रविवारी सकाळी अकराला गर्दीत तो ते करणार नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा, किंवा पुण्यात कॅम्पात शिवाजी मार्केटला सकाळी लवकर जा. स्किन नाही मिळाली तरी पदार्थ होतो, फक्त वर तेलाचा हात जास्त द्या आणि कुरकुरीत होईल ही अपेक्षा सोडा. मांडीच्या आतल्या बाजूने हाडालगत एक लांब चीर द्या, उष्णता थेट हाडापर्यंत पोचते. वरून दहा चिरा मारायच्या नाहीत, तिथून रसच जातो.

ब्रेस्ट आणि लेग एकाच वेळी आत घालून एकाच वेळी बाहेर काढले तर दोन्हीपैकी एक बिघडणारच, यात ओव्हनचा काही दोष नाही. २०० डिग्रीला अख्ख्या लेग पीसला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, हाडासकट ब्रेस्टला पंचवीस-तीस. ब्रेस्ट पंधरा मिनिटं उशिरा घाला, संपलं.

ट्रे बघा. पिसांच्या मधे बोट जाईल एवढी जागा पाहिजे. आपले घरचे ओटीजी बहुतेक वीस ते तीस लिटरचे, त्यात दीड किलो चिकन आणि किलोभर बटाटे कोंबले की वाफ निघायला जागाच राहत नाही. दोन घाण्यांत करा. पाहुणे आठ असतील तर पहिला घाणा आधी करून ठेवून वाढायच्या आधी दहा मिनिटं गरम करा, कोणाला कळत नाही. खोल काचेचं भांडं असेल तर त्याच्या भिंतीआड खालचं सगळं वाफेत राहतं, त्यापेक्षा दोन इंच उंचीचा पसरट ॲल्युमिनियमचा ट्रे घ्या, पुण्यात बोहरी आळीत हव्या त्या मापाचा मिळतो. जाताना ओव्हनच्या आतलं माप घेऊन जा आणि सगळ्या बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सुटेल असाच घ्या. कडेला चिकटून बसणारा ट्रे म्हणजे खालच्या रॉडवर झाकण घातल्यासारखंच, गरम हवा वर येणार कुठून.

आणि वर फॉइल लावून बेक करत असाल तर पाणी साठणारच. फॉइल फक्त शेवटी, वरचा रंग पुरेसा झाला आणि आत वेळ हवा असेल तर, सैल ठेवायची. ओव्हनच्या तळाला, खालच्या रॉडच्या आसपास, फॉइल अंथरायची नाही म्हणजे नाही.

नॉब आणि जाळी

हसाल, पण हे बघाच. बहुतेक ओटीजींना तीन नॉब असतात, टेंपरेचर, टाइम आणि मधला रॉडचा. तो रॉडचा नॉब मागच्या वेळी टोस्ट किंवा पनीर टिक्का केला तेव्हा फक्त वरच्या रॉडवर ठेवलेला असतो आणि तसाच राहतो. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तसं चिकनचं होतं. दोन्ही रॉड चालू, फॅन असेल तर फॅनसकट, आणि फॅन लावला तर टेंपरेचर वीसने कमी. जाळी मधल्या किंवा त्याच्या खालच्या खाचेत, चिकनचा सगळ्यात उंच भाग वरच्या रॉडपासून निदान चार बोटं लांब.

मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवाल्यांनी नुसत्या कन्व्हेक्शन मोडवर आहे ना ते बघा. कॉम्बी मोडला (मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र) मायक्रोवेव्ह आतलं पाणी भराभर बाहेर काढतो, ट्रेमधे तळं होतं. धातूचा ट्रे कुठल्या मोडला चालतो ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, अंदाजाने घालू नका.

प्रीहीट, म्हणजे चिकन घालायच्या आधी रिकामा ओव्हन तापवणं, हा दुसरा घोळ. ओव्हनवरचा छोटा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. आतली हवा तापली, भिंती अजून कोमट आहेत, आणि तुम्ही दार उघडून गार ट्रे आत सारलात की ती हवासुद्धा गेली. दिवा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. मग दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायचं नाही, काच त्यासाठीच आहे, एकदा अर्ध्यात ट्रे फिरवायला उघडा तेवढं पुरे. तेव्हाच ट्रेमधे रस जास्त दिसला तर एका वाटीत काढून घ्या, फेकू नका.

बटाटे कच्चे का राहतात

यावर जरा थांबतो, कारण चिकन सुधारलं तरी बटाटे हट्टाने कच्चे राहतात आणि लोक वेळ वाढवून वाढवून चिकनची वाट लावतात.

दोन कारणं. एक जाडी. अर्धा सेंटिमीटर, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा बऱ्यापैकी जाड, भजीच्या चकतीइतकी पातळ नाही, आणि सगळ्या सारख्या. दुसरं कारण कोणी धरत नाही, ते म्हणजे आंबट. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळत नाही, उलट घट्ट राहतं. म्हणून टोमॅटो, लिंबाचा रस, वाइन हे सगळं पहिल्यापासून बटाट्यावर ओतलं की तासभर बेक करूनही बटाटा कचकच करतो. हे आपल्याकडे घरात माहितीच असतं खरं तर, भाजीत बटाटा शिजल्याशिवाय चिंच-आमसूल घालत नाही, फक्त स्पॅनिश म्हटलं की ते डोक्यातून जातं.

मग काय करायचं? चकत्या खारट पाण्यात पाच-सहा मिनिटं उकळून, चाळणीत निथळून, वाफ जाईपर्यंत उघड्या ठेवायच्या. किंवा स्पेनमधे बरेच जण करतात तसं, कढईत बऱ्यापैकी ऑलिव्ह ऑइल घेऊन मंद आचेवर बटाटा आणि उभा चिरलेला कांदा अर्धवट परतून मग ट्रेमधे अंथरायचा. मला ही दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण कांद्यातलं पाणीही कढईतच उडतं, तेल जास्त लागतं ते लागू द्या. लिंबू आणि वाइन पंचवीस मिनिटांनंतर, तेही ट्रेच्या कडेने, चिकनच्या डोक्यावर नाही, नाहीतर सुकवलेली स्किन परत ओली. टोमॅटो घालायचाच असेल तर बिया काढून, शेवटच्या वीस मिनिटांत. मश्रूम नकोच, ते पाणीच पाणी.

व्हाइट वाइन नको असेल तर अर्धी वाटी चिकन उकळलेलं पाणी आणि चमचाभर व्हिनेगर, काम होतं.

पाप्रिका कडू

पाप्रिकात साखर असते, ती रॉडसमोर पटकन जळते. कोरडी भुरभुरवली तर लगेचच. तेलात कालवून लावा, अर्धी स्किनच्या खाली चोळा आणि वरची शेवटच्या पंधरा मिनिटांत ब्रशने फिरवा. स्पेनमधली नावाजलेली पाप्रिका एस्त्रेमादुरा भागातल्या ला वेराची. तिथे शरद ऋतूत पाऊस आणि दमट हवा, मिरची उन्हात वाळत नाही, म्हणून ओकच्या लाकडावर दोनेक आठवडे धुरात वाळवतात, तो धुराचा वास चिकनला येतो. मुर्सियाकडची उन्हात वाळवलेली, तिला तो वास नसतो. डबीवर स्मोक्ड लिहिलंय का बघून घ्या, नाहीतर महागाची डबी आणून "काहीतरी कमी आहे" असं होतं.

काश्मिरी मिरची पूड चालते का? रंगाला चालते, धूर नाही. थोडा धुंगार द्या, निखाऱ्यावर तेलाचा थेंब टाकून पातेल्यात मसाला लावलेल्या चिकनबरोबर पाच मिनिटं झाकून. घरची लाल तिखटाची पूड पाप्रिकाच्या मापाने घालू नका, दोन चमचे पाप्रिका आणि दोन चमचे आपलं तिखट यात जेवणाऱ्याला फरक कळतो. चोरिझोच्या (स्पेनच्या मसालेदार सॉसेजच्या) जागी कॅम्पातून गोव्याचं सॉसेज आणून घालतात तेही जपून. स्पेनचं चोरिझो सुकवलेलं असतं, गोव्याचं व्हिनेगर आणि मिरचीत मुरलेलं, त्यामुळे परत आंबट आणि परत बटाटा कच्चा. केशर घालणार असाल तर कोमट पाण्यात किंवा वाइनमधे भिजवून, तेलात रंग सुटत नाही.

खरंच कच्चं आहे का?

हे मी मुद्दाम इथे ठेवलंय कारण इथून पुढे थोडे पैसे लागतात. हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणजे कच्चंच असं नाही. आपल्याकडची ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्या हाडातला रंग शिजताना बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेली तंगडीसुद्धा हाडाशी लालसर दिसते. उलट वरून पांढरं दिसणारं आत कच्चं असू शकतं. डोळ्याने ठरत नाही. टोचायचं डिजिटल थर्मामीटर घ्या, काही शेकड्यांत मिळतं, मांडीच्या सगळ्यात जाड भागात हाडाला न टेकवता टोचा. ७४ डिग्री दिसले की खायला सुरक्षित. मांडीला मी ८० च्या पुढे जाऊ देतो, तिथे ती सुटून मऊ होते, ब्रेस्ट ७४ ला लगेच बाहेर. थर्मामीटर नसेल तर सांध्यात सुरी घालून रस स्वच्छ निघतोय का ते बघा, पण हा अंदाज झाला, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई जेवायला असतील तर अंदाजावर राहू नका.

ओव्हन खोटं बोलतोय का?

वरचं सगळं करूनही तेच होत असेल तर आता ओव्हनकडे वळायचं. साखरेची चाचणी करा. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. नॉब १७५ वर ठेवून वीस मिनिटं प्रीहीट, मग फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर, पंधरा मिनिटं. वितळायला नको. मग नवीन साखर, नॉब १९० वर, परत तापू द्या, परत पंधरा मिनिटं. आता वितळायला पाहिजे. १७५ लाच वितळली तर ओव्हन जास्त तापतोय, १९० ला तशीच राहिली तर कमी. वितळलेल्या साखरेचा चटका भयंकर असतो, वाटी गार झाल्याशिवाय हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा. दहा-पंधरा डिग्रीचा फरक बहुतेक घरगुती ओव्हनमधे निघतो, मार्कर पेनने नॉबच्या बाजूला खूण करा आणि पुढे जा. एका बाजूलाच करपत असेल तर जाळीभर ब्रेडच्या स्लाइस मांडून दहा मिनिटं ठेवा, कुठला कोपरा जास्त तापतो तो नकाशाच मिळतो, मग अर्ध्यात ट्रे फिरवायचा.

रॉड बघायला स्वयंपाकघरातला दिवा बंद करा आणि काचेतून बघा. तापताना वरचे-खालचे सगळे लालसर दिसले पाहिजेत. एक जरी पूर्ण काळा असेल तर तो गेलाय.

शेवटी प्लग. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर, म्हणजे मिक्सर-मोबाइलचा ६ अँपिअरचा छोटा सॉकेट यासाठी नाही, १६ चा मोठा पॉवर प्लग लागतो. एक्स्टेन्शन बोर्डावर ओटीजी लावलेला मी नेहमी बघतो, तो आधी काढा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा जास्त होतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे २०० झाले की १६०० वॅटचा ओव्हन जेमतेम १२०० चा उरतो. तेच चिकन रविवारी दुपारी नीट होतं आणि रात्री आठला कच्चं राहतं असं असेल तर हेच कारण धरा आणि वायरमनला संध्याकाळीच बोलावून मीटर लावायला सांगा, सकाळी येऊन त्याला काही सापडणार नाही.

इथे थांबा

ओव्हनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, एमसीबी पडत असेल, प्लग काळा पडला असेल किंवा हात ठेववत नाही इतका तापत असेल, वायर जळल्याचा वास येत असेल, तर स्विच बंद करून प्लग काढा आणि वायरमन येईपर्यंत ओव्हन लावू नका. अर्थिंग नसणं ही चिकनपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. रॉड गेलाय, थर्मोस्टॅट कट होत नाही आणि ओव्हन तापतच राहतो, काचेला तडा आहे, दार नीट मिटत नाही, ही कामं सर्व्हिस सेंटरची. रॉड आणि थर्मोस्टॅट पुण्यात तपकीर गल्लीत सुटे मिळतात हे खरं, पण आणून स्वतः बसवायला जाऊ नका, वॉरंटीत असेल तर वॉरंटी जाते आणि नसेल तर जीवाशी खेळ. मायक्रोवेव्हचं कव्हर तर प्लग काढलेला असला तरी उघडायचं नाही, आतल्या कपॅसिटरमधे जीवघेणी वीज साठून राहिलेली असू शकते. मेकॅनिकला नुसतं "चिकन कच्चं राहतं" सांगितलंत तर तो रेसिपीवर ढकलून मोकळा होईल, त्याला साखरेची चाचणी काय आली, कुठला रॉड काळा दिसतो आणि हे कुठल्या वेळी होतं ते सांगा. ओव्हन बरीच वर्षं वापरलेला असेल आणि खर्च नव्याच्या अर्ध्यावर जात असेल तर मी तरी दुरुस्त करत नाही.

आणि आत्ता ताट मांडलंय त्याचं काय?

नऊ वाजलेत, पाहुणे बसलेत, आतून कच्चं. ट्रेमधला सगळा रस पसरट कढईत काढा, लेग पीस त्यात ठेवून झाकण घालून मध्यम गॅसवर दहा-बारा मिनिटं, एकदा पलटा, ७४ बघा. बटाटे तेवढ्यात रिकाम्या ट्रेमधे परत ओव्हनला, आता पाणी नाही तर छान खरपूस होतात. करपलेली स्किन काढून टाका. कढईतला रस मग मोठ्या गॅसवर आटवा, चव बघून लिंबू पिळा आणि वरून घाला, बरोबर ताजा पाव द्या. अर्धवट शिजलेलं "उद्या पूर्ण करू" म्हणून फ्रिजमधे ठेवायचं नाही, आजच पूर्ण शिजवा. शिजलेलंही उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर नको. कच्चं पोटात गेलं असेल आणि नंतर ताप, जुलाब, उलट्या सुरू झाल्या तर ओवा-हिंगावर वेळ काढू नका, डॉक्टरकडे जा, लहान मूल असेल तर त्याच रात्री.